हूवरगाव : बंदराकाठची झोपडपट्टी आणि पंधरा डॉलरचं घर

पागोळी · शुक्रवार, रात्री १०:१२

मंडळी, पाच वर्षं वाचनमात्र राहून आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी सिअ‍ॅटलला असते. आमच्या ऑफिसच्या कँटीनमधून बंदर दिसतं. कंटेनर, क्रेन आणि वर्षातले बरेच महिने रिपरिप. परवा डबा खाताना टीममधले एक ज्येष्ठ गृहस्थ (इथलेच, रिटायरमेंटला टेकलेले) खिडकीकडे बोट करून म्हणाले, "माझ्या आजोबांचा थोरला भाऊ तिथे राहायचा." मला वाटलं, असेल कुणी खलाशी, बोटीवर राहत असेल. तर म्हणाले, "नाही, झोपडीत. हूवरव्हिलमध्ये." अकरा वर्षं या गावात काढली, पण इथल्या बंदरात झोपडपट्टी होती हे माझ्या गावीही नव्हतं. घरी येऊन जी वाचत सुटले ती तीन रात्री. शेवटी नवरा म्हणाला, मला सांगू नकोस, धागा काढ.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला हे सगळ्यांना माहीत असतं. खरे हाल झाले ते पुढच्या तीन-चार वर्षांत. १९३० ते १९३३ दरम्यान नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या. ठेवींना विमा नव्हता, म्हणजे बँकेच्या दाराला कुलूप लागलं की आयुष्यभराची पुंजी गेली. १९३३ साली दर चार कामगारांमागे एक जण बेकार होता. बेकारभत्ता नाही, म्हातारपणाची पेन्शन नाही. ते सगळं १९३५ च्या कायद्याने आलं. काम गेलं की भाडं थकायचं, भाडं थकलं की सामान रस्त्यावर. मग नदीकाठी, रुळांलगत, कचऱ्याच्या ढिगाशेजारी, जिथून कुणी हाकलणार नाही अशा जागी लोकांनी खोकी आणि पत्रे उभे केले. गाव कुठलंही असो, अशा वस्तीचं नाव एकच, हूवरव्हिल. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या नावाने.

हे नाव प्रचारात आणलं विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रसिद्धीप्रमुख चार्ल्स मायकेलसन यांनी, १९३० मध्ये. लोकांनी ते असं उचललं की विचारू नका. अंगावर घ्यायचं वर्तमानपत्र म्हणजे 'हूवर ब्लँकेट'. रिकामा खिसा उलटा करून बाहेर काढला की 'हूवरचा झेंडा'. बुटाच्या भोकात घालायचा पुठ्ठा म्हणजे 'हूवर लेदर'. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून घोडा जुंपलेली मोटार ती 'हूवर वॅगन'. आपल्याकडे असं काही झालं असतं तर दोन दिवसांत गुन्हा दाखल झाला असता, असं उगाच मनात आलं.

आणि हा हूवर कोण? पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला धान्य पोचवणारा म्हणून जगभर नावाजलेला माणूस. लहानपणीच आईबाप गेलेले. परक्या मुलखात अन्न वाटणाऱ्या या माणसाला स्वतःच्या देशात केंद्र सरकारने लोकांच्या हातात थेट पैसे ठेवणं पटत नव्हतं. धर्मादाय संस्था आहेत, राज्यं आहेत, नगरपालिका आहेत, त्या बघतील, हा त्याचा हेका.

आता आमचं गाव. पहिल्या महायुद्धात इथे 'स्किनर अँड एडी' नावाची मोठी गोदी होती, जहाजं बांधायची. युद्ध संपलं, गोदी बंद पडली, नऊ एकर जागा ओसाड राहिली. ऑक्टोबर १९३१ मध्ये जेसी जॅक्सन नावाचा एक बेकार लाकूडतोड्या आणि आणखी वीसेक जण तिथे घुसले. धर्मशाळेत फरशीवर झोपायचा आणि पाणचट सूप प्यायचा वीट आला होता. भंगार गोळा करून त्यांनी झोपड्या बांधल्या. आरोग्य खात्याने दारांवर नोटिसा डकवल्या : ही घरं माणसाने राहण्याजोगी नाहीत, सात दिवसांत खाली करा. सातव्या दिवसानंतर पहाटे पाचला, धो धो पावसात, पोलीस रॉकेलचे डबे घेऊन आले आणि घरं पेटवून दिली.

यांनी परत बांधली. परत जाळली. तिसऱ्या वेळी ही मंडळी जमिनीतच शिरली. गोदीच्या यंत्रांसाठी काँक्रीटचे खड्डे होते, त्यात राहायला गेले आणि वरून लोखंडी पत्रे टाकले. आता काय जाळणार?

१९३२ च्या उन्हाळ्यात महापौर बदलले, मंदीही आणखी वाढली, आणि नगरपालिकेने नमतं घेतलं. राहा, पण अटींवर. घरं जमिनीच्या वर आणा. आपसांत एक समिती नेमा, ती जबाबदार राहील. आणि बायका-मुलांना ठेवायचं नाही. समिती झाली सहा जणांची : दोन गोरे, दोन काळे, दोन फिलिपिनो. जॅक्सनला वर्तमानपत्रवाले 'महापौर' म्हणू लागले.

ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला ती आता सांगते. इथल्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकणारा डोनाल्ड रॉय नावाचा विद्यार्थी होता. त्याने या वस्तीत पंधरा डॉलरला एक झोपडी विकत घेतली, तिथे राहिला आणि मार्च १९३४ मध्ये सगळी वस्ती मोजली. ४७९ झोपड्या, ६३९ माणसं. त्यात ६३२ पुरुष आणि ७ बायका (म्हणजे अट धाब्यावर!). १२० फिलिपिनो, २९ काळे, २५ मेक्सिकन, २ जपानी, बाकी बहुतेक गोरे. सगळ्यात लहान १५ वर्षांचा, सगळ्यात म्हातारा ७३ चा. लाकूडतोडे, मच्छीमार, खाणकामगार, खलाशी. ज्यांच्या दंडांवर हे गाव उभं राहिलं तीच माणसं.

तीन रात्री मला एकच खटकत राहिलं. आपण म्हणतो ही सगळं गमावलेली, वाया गेलेली माणसं. पण तिथे घराची खरेदी-विक्री होत होती. पंधरा डॉलर का होईना, भाव होता.


मुक्काम पोस्ट · शुक्रवार, रात्री १०:५८

पहिलाच धागा आणि असा! वाचनखूण साठवली.

न्यूयॉर्कची भर घालतो. तिथे हे प्रकरण थेट सेंट्रल पार्कात झालं होतं. पार्कातला जुना जलाशय रिकामा करून तिथे हिरवळ करायची होती. मंदीत पैसे संपले, काम रखडलं, कोरडा खड्डा तसाच राहिला. त्यात झोपड्या पडल्या. दोन्ही बाजूंना शहरातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांच्या इमारती, त्यांच्या खिडक्यांतून खाली हे दृश्य. त्या बेकारांत काही गवंडी होते. त्यांनी स्वस्थ न बसता वीस फूट उंच विटांचं पक्कं घर बांधलं, वर कौलं चढवली, नाव दिलं 'रॉकसाइड इन'. एक बेकार डोंबारी तिथे दोरावर चालून दाखवायचा, बघायला गर्दी व्हायची. १९३३ मध्ये जलाशयाचं काम पुन्हा सुरू झालं आणि सगळं साफ केलं. आज तिथे 'ग्रेट लॉन' आहे, लोक सतरंज्या टाकून गाणी ऐकतात.

गवंड्याला काम नाही म्हणून तो फुकट घर बांधतो, यावर काय बोलावं सुचत नाही.


सांडगे मिरची · शुक्रवार, रात्री ११:२०

छान लिहिलंय गं पागोळी. जेवायचे काय ते लोक? आमचं डोकं तिकडेच जातं.


पागोळी · शुक्रवार, रात्री ११:४१

@सांडगे मिरची, हाहा, मीही तेच आधी शोधलं. इथे समुद्र असल्यामुळे मासे. शिवाय शहरातल्या धर्मादाय भटारखान्यासमोर रांग. बाजार उठल्यावर उरलेली भाजी. दिवसभर रद्दी आणि भंगार गोळा करून विकायचं, त्यातून तंबाखू आणि कॉफी. टेक्ससकडे लोक रानससे आणि आर्माडिलो मारून खायचे, त्यांना म्हणायचे 'हूवरची डुकरं'.

न्यूयॉर्कात १९३० मध्ये सफरचंदवाल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने एक शक्कल काढली. बेकारांना सफरचंदांच्या पेट्या उधारीवर दिल्या, पाच सेंटला एक विका म्हणून. काही आठवड्यांत हजारो माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर सफरचंदं घेऊन उभी. सूट, टाय, हॅट, आणि पुढ्यात पेटी. ते फोटो बघवत नाहीत. चेहऱ्यांचं जाऊ दे, बुटांकडे बघा. पॉलिश केलेले असतात.


खडूस काका · शनिवार, सकाळी ७:०५

लेख वाचला. माहिती चांगली आहे. पण एक सूर खटकला. दुसऱ्याच्या जागेवर घुसून झोपडी टाकायची, नोटीस दिली तरी हटायचं नाही, आणि ऐंशी-नव्वद वर्षांनी कुणीतरी त्याचं कौतुक करायचं. अतिक्रमण ते अतिक्रमण, मग सिअ‍ॅटलला असो नाहीतर आमच्या मागच्या नाल्यावर. इथे आधी चार बांबू येतात, मग पत्रे, मग वीजमीटर, मग नगरसेवक. आम्ही कर भरतो, वीस वर्षं हप्ते फेडतो, ते मूर्ख म्हणून का?

बाकी अमेरिकेने ती वस्ती शेवटी काढलीच असेल. आपल्याकडे ती धमक नाही.


पागोळी · शनिवार, सकाळी ८:३०

काका, काढली, खरं आहे. एप्रिल १९४१. पुन्हा रॉकेल, पुन्हा आग, बघायला गर्दी. पण तोवर युद्धाची चाहूल लागली होती, बंदराला जागा हवी होती, आणि गोद्यांत, कारखान्यांत माणसं मिळेनाशी झाली होती. म्हणजे आधी काम आलं, मग वस्ती गेली. १९३१ ला आधी वस्ती जाळली तेव्हा काय झालं ते वर लिहिलंच आहे : ती जमिनीखाली गेली.


सुभेदार निवृत्त · शनिवार, सकाळी ९:१५

खडूसराव, 'धमक' हा शब्द वाचला म्हणून लिहितो. तिकडे ती धमकही दाखवून झाली आहे, आणि कुणावर, ते ऐका.

पहिल्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकन सैनिकांना १९२४ च्या कायद्याने बोनसची प्रमाणपत्रं दिली होती, पण पैसे मिळणार होते १९४५ मध्ये. मंदीत घरदार गेलेल्या या माणसांनी म्हटलं, आमचेच पैसे आहेत, आज द्या. ओरेगनचा वॉल्टर वॉटर्स हा त्यांचा म्होरक्या. मालगाड्यांतून, चालत, जमेल तसे ते १९३२ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला पोचले. वीसेक हजार माजी सैनिक, काहींची बायकामुलंही बरोबर. मोठा तळ पडला अ‍ॅनाकोस्टिया नदीकाठच्या चिखलात. तीही झोपडपट्टीच, पण फौजी झोपडपट्टी. गल्ल्यांना राज्यांची नावं, रोजची हजेरी, सैन्यातून सन्मानाने सुटल्याचा दाखला नसेल तर प्रवेश नाही. सैन्यात काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या, इथे मात्र एकत्र राहत होते.

१७ जूनला सिनेटने मागणी फेटाळली. बरेच थांबून राहिले. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीने दोन माजी सैनिक मेले आणि मग सैन्य बोलावलं. पुढे कोण? जनरल डग्लस मॅकआर्थर. घोडदळात मेजर पॅटन. मॅकआर्थरचा सहायक मेजर आयझेनहॉवर. पुढच्या महायुद्धाचे तिन्ही नायक, आणि समोर मागच्या महायुद्धाचे जवान. रणगाडे, संगिनी, अश्रुधूर. नदीचा पूल ओलांडू नका असा राष्ट्राध्यक्षांचा निरोप असूनही मॅकआर्थर पलीकडे गेला आणि रात्री तळ पेटला. त्या ज्वाळांचे फोटो देशभर छापून आले. नोव्हेंबरात निवडणूक होती. हूवर पडला.

रूझवेल्ट आल्यावर १९३३ मध्ये हे लोक परत आले. त्यानेही पैसे दिले नाहीत, पण बायकोला पाठवलं. एलिनॉर बाई चिखलात उतरल्या, त्यांच्याबरोबर गाणी म्हटली. बोनस मिळाला १९३६ मध्ये, तोही रूझवेल्टचा नकाराधिकार मोडून काढून.

मी २४ वर्षं वर्दीत काढली आहेत. माजी सैनिकावर संगीन रोखायचा हुकूम मिळाला असता तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला या वयातही देता येत नाही.


बॅटरीवाला · शनिवार, दुपारी १२:१०

सुभेदारसाहेब __/\__

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून एक छोटी भर. ऑकलंडला १९३२ मध्ये बेकार लोक चक्क सांडपाण्याच्या पायपांत राहायचे. काँक्रीटचे मोठे पाइप, शहरांनी पैसे नाहीत म्हणून घेतले नाहीत, कारखान्याच्या आवारात पडून होते. एका पायपात एक माणूस, दोन्ही तोंडांना गोणपाट. त्या जागेला म्हणायचे 'पाइप सिटी'.

माझा आतला इंजिनियर म्हणतो की वारा-पाऊस-आग, तिन्हींना पक्कं. फक्त उभं राहता येत नाही.


शेवंता · शनिवार, दुपारी २:४४

थोडं अवांतर, पण त्याच मंदीचं.

माझे एक आजोबा सरकारी कचेरीत कारकून होते, दुसरे शेतकरी. कारकून आजोबा १९३०-३२ च्या काळाला काय म्हणायचे माहितीये? 'स्वस्ताई'. "स्वस्ताईच्या काळात लग्न झालं आमचं, काय ते तूप, काय ते गहू!" पगार तेवढाच आणि भाव निम्म्यावर, त्यांना मजाच होती.

तोच काळ शेतकरी आजोबांच्या घरी 'पाटल्या गेल्या तेव्हा' या नावाने ओळखला जायचा. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले, पण सारा आणि सावकाराचं व्याज रोख, आणि तेवढंच. पणजीच्या पाटल्या, मग गोठ, मग नथ. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्णप्रमाण (चलनाची सोन्याशी बांधलेली किंमत) सोडलं, सोन्याचा भाव चढला आणि हिंदुस्थानातून घराघरातलं सोनं जहाजांनी बाहेर जाऊ लागलं, हे मी कॉलेजात अर्थशास्त्राच्या पेपरसाठी पाठ केलं होतं. पणजीच्या पाटल्या त्यातल्याच, हे मात्र आईने सांगेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

लग्नात दोन्ही आजोबा एका पंगतीला बसले होते म्हणे. एकाने स्वस्ताईचं कौतुक काढलं आणि दुसरे ताटावरून उठले. आईला कारण कळायला वीस वर्षं लागली.


मुक्काम पोस्ट · शनिवार, दुपारी ३:०२

शेवंता, हा वेगळा धागा होईल. काढाच.


चौथी गल्ली · शनिवार, सायंकाळी ६:३०

लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. लिहितो.

मी खाडीकाठच्या झोपडपट्टीत वाढलो. गाव-वस्तीचं नाव देत नाही. बाबा मराठवाड्यातून ७२ च्या दुष्काळात आले, आधी रस्त्याच्या खडीवर, मग नाक्यावर उभं राहून बिगारी. आता मी एका बऱ्या सोसायटीत राहतो, हप्ते फेडतो, काका म्हणतात तसा 'मूर्ख'. त्यामुळे दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

पागोळीताई, तुम्ही लिहिलेलं ते लोखंडी पत्र्याचं वाचून हसू आलं. आमच्याकडे आग नव्हती, पथक यायचं. आदल्या दिवशी कुणीतरी बातमी आणायचं, "उद्या तोडायला येतायत." मग रात्रीच आम्ही स्वतः पत्रे उतरवायचो. का, तर पथकाने तोडलं तर पत्रा वाकतो, चिरतो, शिवाय जप्त होतो. आपण उतरवला तर शाबूत राहतो. खिळे सरळ करून डब्यात ठेवायचे. पत्रे चिखलात लपवायचे, वर गवत. पथक यायचं, चार बांबू मोडायचं, फोटो काढायचं, जायचं. संध्याकाळी घर पुन्हा उभं. मी तिसरीत होतो तेव्हा कुठला पत्रा कुठल्या बाजूचा हे मला पाठ होतं, कारण प्रत्येकाची भोकं वेगळी. भोकं जुळली नाहीत तर नवं भोक पडतं, आणि प्रत्येक भोक म्हणजे जूनमध्ये एक भांडं खाली ठेवायचं. डांबर तापवून चिंधीला लावून ती वरून चिकटवायची, हे काम माझं, कारण मी हलका. मोठा माणूस चढला तर पत्रा बसतो.

आता काकांना उत्तर. राग नाही, खरंच नाही. पण तुम्ही आणि पागोळीताई दोघं दोन वेगळ्या गोष्टी एक समजताय. त्या हूवरगावात लोकांना काम नव्हतं म्हणून घर नव्हतं. काम आलं, वस्ती संपली. आमच्या गल्लीत एकही माणूस बिनकामाचा नव्हता. बाबा बिगारी, आई चार घरची धुणीभांडी, शेजारी रिक्षा, पलीकडे मच्छीवाली, समोर एक पोलीस हवालदार (हो!). पहाटे पाचला सगळी गल्ली रिकामी. काम होतं म्हणून तर आम्ही तिथे होतो. नव्हतं ते त्या पगारात परवडेल असं घर. काम देऊन ती झोपडपट्टी कशी संपणार? काम वाढलं की ती वाढते.

म्हणून अमेरिकेने काढली, आपण का नाही, हा प्रश्नच जुळत नाही.


खडूस काका · शनिवार, रात्री ८:१५

चौथी गल्ली, हा मुद्दा मी असा कधी पाहिला नव्हता. मान्य नाही सगळं, पण पाहिला नव्हता हे कबूल.

तरी विचारतो, ती बायका-मुलांना बंदी का? ते मला पटलं नाही. आणि मग संसारी लोक गेले कुठे?


पागोळी · शनिवार, रात्री ९:५०

काका, मुलं असली की शाळा, आजार, दूध, पाणी, सगळ्याची जबाबदारी नगरपालिकेवर येते. एकट्या पुरुषाची काही येत नाही. माझा आपला अंदाज हा. शिवाय एकट्या पुरुषांची छावणी 'तात्पुरती' म्हणता येते, बाळंतपण झालं की ते गाव होतं.

सगळीकडे बंदी नव्हती. सेंट लुईसला मिसिसिपीच्या काठावर मोठी वस्ती होती, तिथे कुटुंबं होती, त्यांनी चर्च बांधलं होतं. बाकी संसारी लोक नातेवाइकांच्या घरी कोंबून राहिले नाहीतर मोटारीवर गाद्या बांधून निघाले. ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सातून मंदी आणि धुळीची वादळं या दोन्हींच्या तडाख्यात सापडलेले शेतकरी कॅलिफोर्नियात पिकं काढायला गेले. कालव्याच्या काठाला तंबू, तेच पाणी प्यायला, तेच धुवायला. तुम्ही सगळ्यांनी तो फोटो पाहिलाय, गालाला हात लावून बसलेली आई, दोन मुलं तिच्या खांद्यांत तोंड खुपसून बसलेली. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये निपोमो इथल्या वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळावर काढला. बाईंचं वय ३२. पीक गारठून गेलं होतं, काम नव्हतं.

त्याच सुमारास केंद्र सरकारने तिकडे काही छावण्या बांधल्या. आर्विनजवळची 'वीडपॅच' त्यातली प्रसिद्ध. संडास, गरम पाण्याचे शॉवर आणि रहिवाशांची स्वतःची निवडून दिलेली समिती. म्हणजे जॅक्सनने भंगारात जे चालवलं तेच सरकारने नळ जोडून दिलं.

चौथी गल्ली, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. काम नाही म्हणून घर नाही, आणि काम आहे पण घर नाही, हे दोन वेगळे रोग हे मला तीन रात्री वाचून सुचलं नव्हतं. आणि आता आमच्या गावात बघा, यातला दुसरा रोग दिसतो. पुलाखाली तंबूत राहणाऱ्यांतले काही सकाळी उठून कामावर जातात. २००८ मध्ये इथे गुलाबी तंबूंची एक वस्ती झाली. नाव काय ठेवलं असेल? तेव्हाचे महापौर ग्रेग निकेल्स, म्हणून 'निकेल्सव्हिल'. गाव विसरलं नव्हतं, मीच नवीन होते.


बॅटरीवाला · शनिवार, रात्री १०:३३

निकेल्सव्हिल! =)) आपल्याकडे नगरं नेत्यांच्याच नावाने असतात, फक्त तिथे नाव लावलं की घर पडत नाही, वाचतं. ज्याच्या नावाची पाटी त्याला पथक पाठवायची पंचाईत.


चौथी गल्ली · शनिवार, रात्री १०:५१

@बॅटरीवाला, शंभर टक्के. आमच्या वस्तीला आधी एका नेत्याचं नाव होतं, मग तो पडला तर देवाचं दिलं. देव पडत नाही.

आणि कागद. ७६ च्या जानेवारीत मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली होती, त्यावर फोटोपास मिळाले. घरातली सगळी माणसं एका फोटोत, झोपडीच्या नंबरासकट. आमच्या आईने तो फोटोपास पिशवीत, पिशवी डब्यात, डबा तांदळात ठेवला होता. दागिने नव्हतेच. पूर आला की आधी तांदूळ उचलायचे. तुमच्या त्या रॉयने माणसं मोजली हे वाचून मला तो फोटो आठवला. मोजलं की माणूस असतो.


सांडगे मिरची · रविवार, सकाळी १०:०५

धागा भारी चाललाय. पण माझा एक बावळट प्रश्न. त्या रॉयला पंधरा डॉलरला झोपडी विकली, ती विकणारा कुठे गेला असेल? त्याला दुसरं घर मिळालं की पंधरा डॉलर मिळाले म्हणून उठला?


पागोळी · रविवार, सकाळी ११:२०

बावळट कसला, तीन दिवस माझ्याही डोक्यात हाच. काम मिळून गेला असेल. अलास्काच्या मासळीच्या कारखान्यांत हंगामाला माणसं लागायची, तिकडे गेला असेल. नुसता कंटाळला असेल. काल सकाळी मुद्दाम तिथे जाऊन आले. कुंपण आहे, पलीकडे कंटेनर, ट्रकांची ये-जा, आत सोडत नाहीत. कुंपणाला धरून दहा मिनिटं उभी राहिले. सुरक्षारक्षकाने येऊन विचारलं, काही हवंय का. काय सांगणार?


चौथी गल्ली · रविवार, दुपारी १:१५

विकणाऱ्याचं मला सांगता येईल, निदान आमच्या गल्लीतलं.

आम्ही खोली विकली ९४ ला. घेणाऱ्याने रात्री बॅटरी घेऊन पत्रे मोजले, भिंतीला लाथ मारून बघितली, मोरीचा उतार बघितला. कागद काही नाही, शेजारचे दोन साक्षीदार आणि चहा. पैसे मोजून झाल्यावर बाबा म्हणाले, दरवाजा देणार नाही. तो माणूस म्हणाला, दरवाज्याशिवाय खोली कशी घेऊ? बराच वेळ वाद. शेवटी त्यातले दोनशे बाबांनी परत केले आणि दरवाजा काढला. सागवानी होता, कुठल्यातरी पाडलेल्या वाड्याचा, बाबांनी बिगारीच्या मजुरीच्या बदल्यात आणलेला. सात वेळा घर तुटलं, दरवाजा तोच. टेम्पोत सगळ्यात आधी तो चढवला, मग आम्ही.

आता आमच्या फ्लॅटला बिल्डरचा दरवाजा आहे. तो सागवानी बाल्कनीत उभा करून ठेवलाय, बायको रोज म्हणते भंगारात द्या. बाबा दुपारी त्याला टेकून पेपर वाचतात.


खडूस काका · रविवार, दुपारी २:००

देऊ नका.